शैला, खाणीतले मासे अजून पाण्यातच आहेत

कावळा लगेच शिवला, शैला.

पाताळगंगेच्या काठावर पिंड ठेवला, गुरुजी मागे सरले आणि आम्ही हात जोडायच्या आत तो उंबरावरून सरळ खाली आला. भाताची शितं उचलली, मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं आणि उडाला. सगळ्यांना बरं वाटलं. तुझा दादा डोळे पुसत म्हणाला, "सुटली गं माझी बहीण. काय पन मागं ठेवलं नाय तिनं."

मला मात्र तिथंच तुझा राग आला. मी मागे उभी राहून एक वाक्य जुळवत होते. मला वाटलं होतं, कावळा येणार नाही. लोक एकेक करून बोलतील. कुणी म्हणेल तुझी पुस्तकं कॉलेजला देतो, कुणी म्हणेल तुझं मांजर सांभाळतो. तरी तो येणार नाही. मग सगळे माझ्याकडे बघतील, आणि मी पुढे होऊन म्हणेन, शैला, खाणीचं आता मी ठरवते, मला शब्दातून मोकळी कर. तेवढं बोलल्यावर कावळा शिवला असता तर माझं काम झालं असतं. सौद्यात शेवटचा आकडा मी नेहमी असाच राखून ठेवते, तुला ठाऊक आहे. पण तू तोंड उघडायलाच दिलं नाहीस. तुझा जीव कशातच अडकला नव्हता. अडकलाय तो माझा.

आपलं भांडण आजचं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस. मी सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन खालापूरच्या वाड्या फिरायचे, आणि संध्याकाळी त्याच पाटीशेजारी तू गणितं सोडवत बसायचीस. वास येतो असं कधी म्हणाली नाहीस. पाटीची हातगाडी झाली, हातगाडीचा टेंपो झाला, कर्जतच्या बाजारात गाळा झाला. तू खोपोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलीस. मुलांना माशाचं पोट फाडून दाखवायचीस आणि घरी येऊन मला सांगायचीस की तुझ्या मुलांना सुरी धरता येत नाही. मी म्हणायचे, पाठव माझ्या गाळ्यावर, एका रविवारात तयार करते. तू हसायचीस. ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्याचाही राग येतो.

खाण मी ठेक्यावर घेतली तेव्हा तूच पहिली खूश झालीस. दगड काढून सोडून दिलेली जुनी खाण, तळाशी झरा, वर्षभर पाणी. मी रोहू, कटला, मृगळाचं बी सोडलं, कोंडा आणि पेंड घातली. आपल्या तालुक्यात इतका गोड मासा कुणी काढला नव्हता. नेरळच्या नव्या सोसायट्यांतून लोक गाडी काढून यायचे.

मग एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि पलीकडच्या कडेला काळा भराव उघडा पडला. कुणी टाकला, कुठून आणला, कुणालाच सांगता येईना. माझ्या ठेक्याच्या आधीचा होता एवढं खरं. तू चपला काढून त्या चिखलात उतरलीस, मूठभर उचललास, आणि तुझा चेहरा परीक्षेचे पेपर तपासताना होतो तसा झाला.

"वहिनी, मला यातले थोडे मासे हवेत. तपासायला."

"घे की. तुला नाय म्हनलंय का कधी?"

मी चांगला मोठा मृगळ निवडला. खवले काढले, पोट साफ केलं, कल्ले काढले, डोकं वेगळं केलं, तुकड्यांना हळद-मीठ चोळलं आणि डब्यात घालून खोपोलीला पाठवला. घरच्या लेकीला मासा पाठवायचा तर तसाच पाठवतात. कच्चा, रक्तासकट कुणी पाठवतं का? संध्याकाळी तुझा फोन आला. तुला हसू आवरत नव्हतं.

"वहिनी, मी सॅम्पल मागितलं होतं गं. तू तर जेवण पाठवलंस!"

"मग जेव."

"जेवता येत नाही आणि तपासताही येत नाही धड. मीठ कुठलं, हळद कुठली, माशातलं कुठलं, काय सांगू मी?"

तरी तू धुऊन तपासून आणलंस. तुला ज्या विषाचा संशय होता ते आर्सेनिक निघालं, पण अगदी थोडं. मी त्या दिवशी गाळ्यावर पेढे वाटले. तू म्हणालीस, "थांब, घाई करू नकोस. तू मला नुसतं मांस दिलंस. जे बघायचं होतं ते सगळं कापून टाकलंस." मग तू स्वतः येऊन अख्खे मासे घेऊन गेलीस, पोटासकट. त्या वेळी कलेजीत-आतड्यांत जे भरपूर निघालं, त्यानंतर आपल्या दोघींना एकमेकींशी सरळ बोलणं जमलंच नाही.

आपल्या स्वयंपाकघरातली ती दुपार आठवते? मी बोंबील भाजत होते. तू ओट्याला टेकून मला शिकवत होतीस आणि मी प्रत्येक वाक्याला भाव करत होते.

"आर्सेनिक फॉस्फेटसारखं दिसतं," तू म्हणालीस. "फॉस्फेट शरीराला लागतंच. पेशीला फरक कळत नाही, ती दार उघडते."

"म्हंजे खोट्या नावानं आत शिरतं."

"हां. थोडं कल्ल्यांतून, पाण्याबरोबर. पण जास्त खाण्यातून. गाळातले किडे, शेवाळ यांच्यातून. आत गेलं की माशाची कलेजी त्याच्यावर काम करते. त्याला कार्बनचे छोटे तुकडे एकेक करून जोडत जाते. गाठी मारत जाते समज. समुद्रातल्या माशांच्या अंगात ते बहुतेक सगळं पक्क्या गाठीत बांधलेलं असतं. त्याला आर्सेनोबीटेन म्हणतात. ते आपण खाल्लं तरी आपल्या पोटात ती गाठ सुटत नाही. जसं आलं तसं लघवीवाटे निघून जातं."

मी चुलीवरचा बोंबील उलटला. "म्हंजे ह्या बोंबलात हाय?"

"आहे ना. तुझ्या खाणीतल्या माशापेक्षा जास्तसुद्धा असेल."

शैला, तिथं माझं डोकं फिरलं. अजूनही फिरतं. ज्यात जास्त ते चांगलं आणि ज्यात कमी ते वाईट? असा हिशेब मी कुठल्या बाजारात ऐकला नाही. मी म्हटलं, "माझ्या बोंबलांवर शिकलीस आन् माझ्याच माशाला नाव ठेवतेस?"

"बोंबलाला कुठे नाव ठेवतेय? बोंबील चांगलाच आहे. वजनावर नाही गं ठरत हे. कुठल्या रूपात आहे त्यावर ठरतं. गोड्या पाण्यातल्या माशात ती पक्की गाठ कमी सापडते. काही गाठी अर्ध्याच राहतात. काही बसतच नाहीत. आणि ते कलेजीत, आतड्यात, कल्ल्यांत जास्त राहतं, मांसात कमी."

"मग मांस इकते."

"मांसातलं कुठल्या रूपात आहे ते बघायला हवं."

"मोठे मासे इकत नाय, लहान इकते."

"हे पाऱ्यासारखं नाही. मोठ्या माशात जास्त असंच काही नसतं. पण मृगळ गाळ खातो, कटला वरवरचं खातो. म्हणून जातीप्रमाणे बघायला हवं."

"बरं, सोच्छ पाण्याच्या टाकीत ठेवते. तू म्हनालीस ना, मासा बाहेर टाकतो?"

"टाकतो. बरंच टाकतो. पण किती दिवसांत, ते बघायला हवं."

बघायला हवं, बघायला हवं. मी बोंबील ताटात आपटला. व्यापाऱ्याला हो किंवा नाही लागतं. तू मला कधी दोन्हींतलं एक दिलं नाहीस. तू खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं. नुसतं 'नको' म्हणाली असतीस तर मी भांडले असते, हरले असते आणि खाण सोडून दिली असती. 'चालेल' म्हणाली असतीस तर मासा विकला असता. तू मला मधल्या पाण्यात ठेवलंस.

आणि मग बाजारातला तो दिवस. त्यावर मी आजही तुझं ऐकून घेणार नाही.

रविवार होता. गाळ्यासमोर गर्दी. कोंडाण्याच्या बाजूच्या वाडीवरची गोमीआजी नेहमीसारखी तिचा पत्र्याचा डबा घेऊन कडेला बसली होती. गिऱ्हाइकाला नुसते तुकडे हवे असतात. डोकी, कलेजी, आतडी मी आजीच्या डब्यात टाकते. पाटीच्या दिवसांपासून माझी ती रीत आहे. वाडीवाले माझ्याकडे एवढासा मासा घ्यायचे आणि मी वर डोकी टाकायचे. त्यावर माझं नाव झालं. तिच्या घरात त्या डब्याचं कालवण होतं, नातवंडं बोटं चाटून खातात, हे ती मला दर वेळी सांगते.

तू बसमधून उतरलीस, खांद्याला ती जड पिशवी. डबा भरलेला पाहिलास आणि सरळ आजीच्या हातातून ओढून घेतलास.

"आजी, हे खाऊ नका. वहिनी, खाणीतल्या माशाची डोकी-आतडी कुणाला देऊ नकोस. यात विष असू शकतं."

'असू शकतं' कुणी ऐकलं नाही, शैला. 'विष' सगळ्यांनी ऐकलं. कोयता माझ्या हातात तसाच राहिला. ज्या बाईनं कापलेले तुकडे पिशवीत घातले होते तिनं ते परत पाटीवर ठेवले. पुढे कितीतरी दिवस लोक माझा बांगडासुद्धा वास घेऊन परत ठेवायचे. समुद्राचा बांगडा! तो तर तुझ्या हिशेबानं पक्क्या गाठीचा होता. तो तरी वाचवायचास.

घरी आल्यावर मी भांडी आपटली. "घरी सांगता येत नव्हतं?"

"घरी सांगितलं की तू फोडणी घालतेस आणि विषय संपतो."

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस."

"आजी डबा घेऊन निघाली होती, वहिनी. घरी जाऊन, जेवून, मग सांगू? तू विकतेस त्या तुकड्यांत कमी होतं. जास्त होतं ते तू फुकट देत होतीस. त्या घरात रोज तेच शिजतं."

मी भांडी तशीच टाकून तिथून उठून गेले. पण अब्रूचं माझं म्हणणं तसंच आहे. माणूस बरोबर असला तरी त्याला बोलायची जागा बघता येते. तुला ती कधी बघता आली नाही. हे भांडण आपण पुढे करणार होतो. मी मुद्दे काढून ठेवले होते.

त्याच आठवड्यात तू पुन्हा आलीस, या वेळी दाराला कडी लावून. म्हणालीस, आर्सेनिकची रूपं वेगळी करून मोजणारं यंत्र मुंबईत आहे, तिथं तू वेळ मागितलीय, परीक्षा संपल्या की सॅम्पल घेऊन जाशील. तोपर्यंत खाणीत जाळं टाकायचं नाही.

"पाडव्यापर्यंत," मी म्हटलं.

"मी सांगेपर्यंत."

"आखाडापर्यंत. जा, त्यापुढं नाय."

"वहिनी, मी सांगेपर्यंत."

तू आवाज चढवला नाहीस. मी आयुष्यात समोरच्याचा पहिला बोल कधी मान्य केला नव्हता. त्या दिवशी केला. का केला ते मलाही सांगता येत नाही. तुझ्या हाताला तेव्हा माशाचा वास येत होता, आणि तू नख लावून काहीतरी खरवडत होतीस. बहुधा म्हणून. तुझ्या हातावर हात ठेवून मी म्हटलं, "बरं बाई, तू सांगेपर्यंत." मग आपण दोघींनी मिळून माझ्या डीप फ्रीजरमध्ये तुझी पाकिटं लावली. प्रत्येकावर तुझं अक्षर. मृगळ, कलेजी. कटला, मांस. रोहू, कल्ले. आणि सगळ्यांवर एकच ओळ: विकायचं नाही, खायचं नाही, टाकायचं नाही.

आणि तू गेलीस. डोक्यात नस फुटली म्हणे. तुला कुठं काही बघायला वेळच मिळाला नाही. तुझ्या मेंदूनं हो की नाही ते एकदम सांगून टाकलं.

आता माझं ऐक. खाणीतलं पाणी रोज उतरतंय. सकाळी मासे तोंड वर काढून पाणी पितात तसे वारा पितात. गावातले येता-जाता म्हणतात, "वहिनी, ताय गेल्या, आता टाका की जाळं." पाणी असंच उतरलं तर मासे आपोआप मरतील आणि वाडीवरची पोरं टोपल्या भरून घरी नेतील, आतड्यांसकट. म्हणजे काढले तरी तेच, आणि ठेवले तरी तेच. नेरळच्या एका फार्महाउसवाल्यानं निरोप पाठवलाय, सगळा मासा एकदम घेतो, साफ करून द्या, नुसते तुकडे. तुझ्याच पहिल्या तपासणीत नुसत्या तुकड्यांत कमी निघालं होतं. बघ, किती सोपं आहे. तुझाच आकडा माझ्या बाजूनं उभा राहतो.

मी तुझ्या कॉलेजात जाऊन आले. तुझ्या जागी आता एक लहानखुरी मुलगी आलीय. तुझी खुर्ची तिनं जरा बाजूला सरकवून ठेवलीय, बसत नाही तिच्यावर. मला पाहिल्यावर उभी राहिली. म्हणाली, "मॅडमनी मागितलेली वेळ गेली, मी परत मागते. सॅम्पल मी नेईन, पण वेळ लागेल." मी विचारलं, "तोवर मी विकू का नको?" ती म्हणाली, "विका असं मला म्हणता येणार नाही. विकू नका असंही नाही. बघायला हवं."

मी तिथं मोठ्यानं हसले, शैला. त्या मुलीला वाटलं बाई वेडी झाली. तुझे शब्द तुझ्या खोलीत राहिले होते.

पाकिटं मी तिला बर्फात घालून पोचती केली. फ्रीजरचा तो कप्पा आता रिकामा आहे आणि मी त्यात काही ठेवत नाही. तुझ्या दादानं एकदा विचारलं, "अगं, शब्द तिला दिलेला. ती नाय तर शब्द कुनाला?" मला ते पटलं. खरंच पटलं. मी जाळंही बाहेरच्या ओट्यावर काढून ठेवलं. चार दिवस ते तिथंच पडून आहे आणि मी त्याला वळसा घालून ये-जा करते. नदीकाठी जे वाक्य बोलायचं राहिलं ते घरात एकटी असताना बोलून पाहिलं. शैला, मला मोकळी कर. कोण करणार? तू असतीस तर म्हणाली असतीस, वहिनी, बघायला हवं.

काल रविवार होता. सुतक फिटल्यावर पहिल्यांदाच गाळा उघडला. फक्त समुद्राचा माल ठेवला. गर्दी बरी होती. फार्महाउसवाल्याचा माणूस टेंपो लावून कडेला उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत. आणि गोमीआजी आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. तोच डबा. कडेला बसली, डबा पुढे सरकवला.

"खाणीतला मासा कधी काढतेस गं? डोकी घालशील ना?"

"नाय काढत."

"का नाय? ती मास्तरीन गेली बिचारी. आता तुला कोन आडवतंय?"

टेंपोवाला पुढे सरकला. गिऱ्हाइकं थांबली. तू डबा ओढलास तेव्हा जशी थांबली होती, अगदी तशीच. माझ्या हातात कोयता होता, आणि मला कळलं की हे घरी, दाराला कडी लावून सांगायची सोय नाही. आजीचा डबा समोर होता.

"मी," मी म्हटलं.

"तू? तुझाच तर मासा!"

"म्हनूनच. आजी, खाणीत काय तरी काळं टाकलंय कुनी. ते माशाच्या कलेजीत जातं, आतड्यात जातं. मासा त्याला गाठी मारतो, पन सगळ्या पक्क्या बसत नायत. तपासायला दिलंय. कळेपर्यंत त्या पाण्यातला मासा इकनार नाय, फुकट पन देनार नाय. आन् मासे वर तरंगले तर पोरांना तिथं जाऊ देऊ नको. मी मानूस बसवते खाणीवर."

मग टेंपोवाल्याकडे वळून म्हटलं, "साफ करून पन नाय. जा तू."

आजीनं डबा आणखी पुढे सरकवला. मग म्हणाली, "मंग हे समुद्राचं घाल. त्यात नाय ना?"

"हाय," मी म्हटलं. "पन त्याची गाठ पक्की हाय."

तिला काही कळलं नाही. मलाच पुरतं कुठं कळलंय. मी सुरमईचं डोकं तिच्या डब्यात टाकलं, वर बांगड्याची दोन. ती उठून गेली. समोरच्या बाईनं हातातली सुरमई खाली ठेवली आणि शेजारणीला म्हणाली, "विष हाय म्हनतेय ती स्वताच." मी मागून ओरडले, "असू शकतं म्हनलंय! असू शकतं!"

कुणी वळून पाहिलं नाही, शैला.